टीममध्ये मल्टिटास्किंग: मी केलेल्या चुका, तुम्ही टाळा

आधी माझाच घोळ सांगतो. सपोर्ट टीमचा नवीन नवीन लीड झालो होतो तेव्हा टीममध्ये दोघं अगदी उलट्या टोकाची होती, एकीच्या स्क्रीनवर कायम तीन चॅट, कानाला कॉल, मागे एक्सेल उघडं आणि बाई मजेत, आणि दुसरा एक तिकीट, म्हणजे ग्राहकाची नोंदवलेली एक तक्रार, धरून बसला की ते क्लोज होईपर्यंत मान वर करायचा नाही. मी काय शहाणपणा केला तर तिला मंथली रिपोर्ट दिला, कारण "फास्ट आहे", आणि त्याला चॅटवर बसवलं, कारण "शिकेल जरा". दोन महिन्यांत ती दर अर्ध्या तासाला उठून कोणाच्या तरी डेस्कवर गप्पा मारताना दिसायला लागली आणि त्याचं रविवारी संध्याकाळपासूनच डोकं दुखायला लागलं. दोघंही कामाला पक्के होते, वाटणी मी चुकवली होती.

तर पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आवड न बघता काम देणं. एकावेळी अनेक कामं हाताळायला आवडणाऱ्याला पॉलिक्रॉनिक म्हणतात आणि एक संपवून दुसरं धरणाऱ्याला मोनोक्रॉनिक. शब्द एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचे, तो वेगवेगळ्या समाजांबद्दल बोलत होता, पुढे ते ऑफिसातल्या माणसांना लागले. २००५ मध्ये ट्रेसी हेक्ट आणि नॅटली ॲलन या दोघींनी नोकरदारांवर अभ्यास केला त्याचा गाभा असा की नुसती आवड कुठली आहे यापेक्षा आवड आणि नोकरी यांचा मेळ बसतो का याचा माणसाच्या समाधानाशी जास्त संबंध आहे. म्हणजे एकाच कामात गढणाऱ्याला दहा कामं दिली तर तो पिचतोच, पण दहा कामांत रमणाऱ्याला एकाच कामाला जुंपलं तर तोही सुकतो, आणि हे दुसरं कोणाच्या लक्षातच येत नाही कारण "एवढं सोपं काम दिलंय, अजून काय पाहिजे!"

दुसरी चूक म्हणजे आवड आहे म्हणजे जमतंच असं धरून चालणं. इंटरव्ह्यूत "मल्टिटास्किंग जमतं का" विचारलं की आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे तो प्रश्न बादच करा. युटा विद्यापीठात २०१३ मध्ये तीनशेवर विद्यार्थ्यांना तपासलं तर सगळ्यात जास्त मल्टिटास्किंग करणारेच टेस्टमध्ये कमी पडले, आणि बहुतेकांना आपण सरासरीपेक्षा भारी वाटत होतो. त्यापेक्षा "अलीकडचा असा कुठला दिवस होता की घरी जाताना बरं वाटलं, त्या दिवशी काय काय केलंस?" असं विचारा, पाच मिनिटांत माणूस कळतो. आणि जमतं का हे बघायचं असेल तर आठवडाभर ते काम देऊनच बघा, बोलण्यावर जाऊ नका.

तिसरी: "काम वेळेत होतंय ना, मग प्रॉब्लेम काय?" इथे आपण सगळेच फसतो. ग्लोरिया मार्क या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लोकांना ईमेलची उत्तरं लिहायला बसवून मधेमधे डिस्टर्ब केलं, तर डिस्टर्ब झालेल्यांनी काम उलट लवकर संपवलं, क्वालिटीही फारशी पडली नाही, पण ताण, चिडचिड आणि वेळेचं टेन्शन वाढलं. म्हणजे डॅशबोर्ड हिरवागार आणि माणूस आतून दमलेला, नुसते आकडे बघणाऱ्या मॅनेजरला हे दिसणारच नाही. आकडे सोडा, बाकीचं बघा: चुकीची अटॅचमेंट जातेय का, एका क्लायंटचं नाव दुसऱ्याच्या मेलमध्ये पडतंय का, दिवसभर बिझी असून संध्याकाळी "आज काय झालं" विचारल्यावर समोरचा गप्प होतोय का.

यावर एक साधा उपाय आहे, काम अर्धवट सोडून उठायच्या आधी एक ओळ लिहायची, कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं होतं की आधीचं काम डोक्यात अर्धवट राहिलं की पुढच्या कामात नीट लक्ष लागत नाही, आणि पुढच्या अभ्यासात अशी छोटी नोंद केली की तो अडथळा कमी होतो असंही दिसलं. आमच्याकडे पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांवर भागतं, ॲप वगैरे काही लागत नाही.

चौथी चूक, सगळ्यांना एकच नियम. "मेल दिवसातून तीनदाच बघा" हा सल्ला वाईट नाही, २०१५ मध्ये कॅनडात १२४ जणांवर तो करून बघितला तेव्हा ताण कमी झाला होता. पण हे चॅट सपोर्टवाल्याला किंवा दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला सांगाल तर ते हसतील. तिथे पाळी लावा, दोन तास एक जण फोन आणि चॅट घेईल, बाकीचे तेवढा वेळ निवांत. अप्रेझलमध्ये आपण कौतुकाने "अष्टावधानी" लिहितो ना, तर खऱ्या अष्टावधानाच्या कार्यक्रमात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, असतात आणि मधेच भलतं काहीतरी विचारून अवधानीला, म्हणजे त्या आठांना एकट्याने सांभाळणाऱ्याला, डिस्टर्ब करायचं काम त्यातल्या एकालाच नेमून दिलेलं असतं. आपल्याकडे ते सगळेच करतात, वर व्हॉट्सॲप ग्रुप वेगळाच.

आणि पाचवी, जी मला सगळ्यात उशिरा कळली, लीडने स्वतःची सवय टीमवर लादणं. मी स्वतः दहा खिडक्या उघड्या ठेवणारा, त्यामुळे आठवलं की लगेच पिंग. आता जे सुचेल ते वहीत लिहितो आणि चार वाजता एकदम विचारतो, निदान तसं ठरवलंय. त्या दोघांची कामंही कधीच अदलाबदल केली. परवा राहवलं नाही म्हणून त्या तिकीटवाल्याला साडेअकराला पिंग केलं, तर उत्तर आलं, "सर, चार वाजले का?"