टोकियोत बिऱ्हाड मांडण्याआधी

आधी नावाचं बघा. परक्या नावांसाठीच्या कताकाना लिपीत ल आणि र यांना एकच अक्षर आहे, त्यामुळे कुलकर्णीचं 'कुरुकारुनि' होतं. शेवटची 'नि' ऱ्हस्व की दीर्घ हे एकदाच ठरवा आणि वॉर्ड ऑफिस, फोन, बँक सगळीकडे तेच लिहा. पगार जमा होताना कताकानातलं नाव जुळवलं जातं; दीर्घ स्वराची एक रेघ जास्त पडली तरी पैसे अडकतात.

रेसिडेन्स कार्ड नारिता किंवा हानेदा विमानतळावरच हातात येतं, पण मागची पत्त्याची जागा कोरी असते. घर ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता घालून घ्या. त्याआधी फोन आणि बँकेच्या मागे धावू नका, दोघंही तो पत्ता मागतात. बायकोमुलं सोबत असतील तर विवाहाचा आणि जन्माचा मूळ दाखला, जपानी भाषांतरासह, हातातल्या बॅगेत ठेवा.

घरासाठी 'यूआर' या निमसरकारी गृहसंस्थेच्या भाड्याच्या इमारती आधी बघा. तिथे जामीनदार, दलाली, घरमालकाला द्यायचं, परत न मिळणारं 'रेइकिन' काहीच लागत नाही, अनामत मात्र भरावी लागते. खोली बहुधा रिकामीच मिळते: छताला दिव्याची नुसती खाच, शेगडी नाही, पडदे नाहीत. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा घरी कोणीतरी लागतं, म्हणून ती वेळ राहायला जाण्यापूर्वीच ठरवा.

वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता घरघरतो, चटणी वाटली जात नाही. तो नेऊ नका. त्याऐवजी कुकरच्या दोन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या.

डाळ-तांदूळ, फळं रोग-कीड तपासणीच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय आत जात नाहीत. नेण्याची गरजही नाही: एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे, तूरडाळ आणि हिंग तिथे मिळतात, शिन-ओकुबोच्या हलाल दुकानांतही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं महिनाभराचीच न्या. जास्त हवी असतील तर आधी 'युन्यु काकुनिन्शो' हा परवाना काढा. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिनच्या सर्दीच्या गोळ्या इथेच ठेवा. त्यांचे नियम फार कडक आहेत आणि माहीत नव्हतं म्हणून सुटका होत नाही.

शाकाहारी असाल तर 'दाशी' हा शब्द पाठ करा. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, भाजीची आमटीसुद्धा बहुतेकदा माशाच्या या अर्कावरच बनते. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण अनेकांच्या लेखी मासा मांसात मोडत नाही.