माजी सैनिकांसाठी ध्यान: डोळे मिटू नका

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला ‘डोळे मिटा, मन शांत करा’ म्हटलं की बऱ्याचदा उलटंच होतं. पहाऱ्याला सरावलेलं शरीर डोळे मिटताच जास्त सावध होतं. छाती धडधडते, जुनं काहीतरी समोर येतं आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून माणूस उठतो. तेव्हा डोळे उघडे ठेवूनच सुरुवात करा.

पाठ भिंतीकडे आणि दार समोर, अशी खुर्ची लावा. मांडी घालायचा हट्ट नको, ओझी वाहून गुडघे आधीच बोलत असतात. दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, नजर ४-५ फुटांवर फरशीवर. मनात ४ मोजत नाकाने श्वास घ्या, ६ मोजत सोडा. मध्ये रोखायचा नाही. सकाळ-संध्याकाळ ५ मिनिटं पुरे. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं, तर श्वास फार जोरात चाललाय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की असं होतं. मोजणं सोडून साधा श्वास चालू द्या. फायरिंगने कानात शिट्टी वाजत असेल तर शांत खोलीत ती जास्तच ऐकू येते. पंखा लावा आणि त्याच्या आवाजावर लक्ष ठेवा.

लक्ष सुटणारच. सुटलं की पुन्हा तळपायांवर आणायचं, बस. इथे कुणी उस्ताद (ट्रेनिंग देणारा) शिक्षा म्हणून पाठीवर पिठ्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, लावून पळवणार नाही. स्वतःलाही शिक्षा देऊ नका.

रात्री स्वप्नातून दचकून जाग आली तर पडून राहू नका. दिवा लावा, पाय फरशीवर टेका, गावाचं नाव आणि आजचा वार मोठ्याने म्हणा, समोरच्या ५ वस्तूंची नावं घ्या. घरच्यांनी मात्र हलवून उठवू नये, अर्धवट झोपेत फटका बसू शकतो. पायथ्याशी, हाताच्या टप्प्याबाहेर उभं राहून नावाने हाक मारावी.

कॅन्टीनची रम झोप लवकर आणते, पण उत्तररात्री तीच मोडते. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी.

महिनाभर हा त्रास चालूच राहिला तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये जा. ही योजना २००३ पासून आहे आणि मानसोपचारासाठीही तिथून रेफरल मिळतो. नुसतं ‘झोप लागत नाही’ म्हणालात तर झोपेच्या गोळीवर विषय संपायचा. स्वप्नं, दचकणं, चिडचिड, पिण्याचं प्रमाण आणि कधीपासून, हे कागदावर लिहूनच न्या. जीव द्यावासा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका: घरच्या कुणाला तरी लगेच सांगा, जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.