सोव्हिएत लेन्सचा नंबर वाचताना या चुका टाळा

जुनी रशियन लेन्स हातात आली की काच बघायच्या आधी आपली नजर तिच्यावर कोरलेल्या सिरियल नंबरावर जाते. पहिले दोन आकडे म्हणजे उत्पादनाचं वर्ष, हे सूत्र सगळ्यांना तोंडपाठ असतं: 77 ने सुरू झाला की 1977. क्रास्नोगोर्स्क, लित्कारिनो किंवा मिन्स्कच्या कारखान्यांतल्या 1950 नंतरच्या बहुतेक लेन्सना ते लागूही पडतं. फसगत होते ती उरलेल्यांत.

मिर-1 ही लेन्स घ्या. तिच्या रिंगवर ‘ग्राँ प्री ब्रुसेल्स 1958’ असं कोरलेलं दिसलं की विकणारा ती बिनदिक्कत 1958 ची म्हणून खपवतो. ते ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात मिळालेलं बक्षीस आहे आणि कारखान्याने ते पुढे कित्येक वर्षं मिरवलं. नंबर 67 ने सुरू होत असेल तर लेन्स 1967 ची, विषय संपला. लाल ‘П’ सुद्धा नंबराचा भाग नाही. काचेवर कोटिंग आहे, एवढंच तो सांगतो.

खारकिवच्या पहिल्या फेड कॅमेऱ्याला तर हे सूत्र लावूच नका. 1934 पासून त्याच्या बॉडीचे नंबर एकापुढे एक चढत गेले. त्यामुळे नंबर 55 ने सुरू झाला म्हणून तो 1955 चा ठरत नाही. याच फेडवर आणि त्याच्यासारख्याच झोर्की कॅमेऱ्यावर ‘लायका’ हे महागड्या जर्मन कॅमेऱ्याचं नाव कोरून, साजेसा नंबर टाकून विकायचा धंदा जुना आहे. तिथे नंबराशी झटापट करण्यापेक्षा लेन्स काढून आत डोकवा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजून फोकस जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असतं, फेड-झोर्कीत पाचरीसारखं टोक.

शून्यांनी सुरू होणारा नंबर दिसला की ‘प्रोटोटाइप’ म्हणून भाव दुप्पट होतो. सुरुवातीच्या छोट्या तुकड्यांतल्या काही लेन्सवर असे नंबर आहेत, हे खरं. पण नुसत्या दोन शून्यांसाठी मी तरी जादा पैसे मोजणार नाही, कारण नंबर असतो पुढच्या रिंगवर आणि ती रिंग रबराच्या बुचाने दोन मिनिटांत निघते.

हे मी पैसे घालवून शिकलो. फोटोत समोरून दिसणारी रिंग होती हेलिऑस-44 ची, नंबर 59 ने सुरू होणारा. पार्सल उघडलं तर बॉडी काळी. अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/8 वर आणून त्याभोवतीचे ब्लेड मोजले, आठ भरले. सुरुवातीच्या चंदेरी 44 ला तेरा असतात. भिंगाखाली रिंगची कड ताज्या ओरखड्यांनी चमकत होती. म्हणजे नंतरची साधी हेलिऑस 44-2, डोक्यावर दुसऱ्याच लेन्सची टोपी. फोटो मात्र झकास काढते, त्यामुळे परत पाठवायचा कंटाळा केला.

ज्युपिटर ही सोव्हिएत लेन्स उघडलीच, तर आतल्या भागांवर अनेकदा नंबराचे शेवटचे तीन आकडे खरवडलेले सापडतात. ते बाहेरच्या नंबराशी जुळतात का, बघा. जुळले नाहीत तर दोन लेन्सची मिळून एक झालेली असू शकते. साफ करताना पातळ शिम (भागांमध्ये बसवलेल्या धातूच्या चकत्या) दुसऱ्या लेन्सच्या शिममध्ये मिसळू देऊ नका, फोकस त्यांच्यावरच बसवलेला असतो.

आता पैसे पाठवायच्या आधी मी दोनच फोटो मागतो: एक मागच्या बाजूचा, एक एफ/8 वर ब्लेड दिसतील असा.