टायटॅनिकचं मॉडेल शंभर टक्के बरोबर यायलंय? मग या चुका बघा

नांदेड-लातूरकडची इंजिनिअरिंगची पोरं मशीन लर्निंगला हात लावला की आधी टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटाच घेतात, कॅगल या डेटा-स्पर्धांच्या साइटवर फुकट आहे, 891 प्रवाशांवर (ही ट्रेन फाईल) मॉडेल शिकवायचं आणि 418 जणांचं (ही टेस्ट फाईल) वाचले का बुडाले ते सांगायचं. मग मेसेज येतो, "दादा, ॲक्युरसी शंभर टक्के यायली!"

शंभर आली की पेढे वाटायचे नाहीत बाबा, कॉलम बघायचे. डेटा सीबॉर्न या पायथन लायब्ररीतून घेतला असंल तर त्यात अलाइव्ह नावाचा कॉलम असतोय, म्हणजे तेच उत्तर येस-नो करून लिहिलेलं. 1309 जणांच्या मोठ्या फाईलीत बोट आणि बॉडी हे कॉलम, कोणत्या लाइफबोटीत बसला आणि सापडलेल्या प्रेताचा नंबर काय. प्रेताला नंबर पडलेला माणूस वाचंल कसा? हे तिन्ही आधी उडवा. लीडरबोर्डवरच्या, म्हणजे कॅगलच्या गुणांच्या यादीतल्या, पैकीच्या पैकी वाल्यांचंही मनावर घेऊ नका, 1912 ला कोण बुडालं ती यादी जगजाहीर आहे.

काहीजण 77 टक्के आले म्हणूनच खूश. अरे, सगळ्या बायका वाचल्या, सगळे पुरुष बुडाले एवढं लिहून पाठवलं तरी 0.76555, म्हणजे साडेशहात्तर टक्के मिळतात, ती नमुना फाईल कॅगलच देतं. तुमच्या रँडम फॉरेस्टनं (पुष्कळ डिसिजन ट्री मिळून केलेलं मॉडेल) त्यावर किती भर घातली ते बोला.

ट्रेन फाईलीत वय 177 जणांचं कोरं आहे. सरसकट सरासरी 29.7 टाकली की नावात 'मास्टर' लिहिलेलं बारकं पोरगं एकदम तिशीतला बाप्या होतंय, म्हणून मिस्टर, मिस, मास्टर असे गट पाडून त्या-त्या गटाचा मीडियन (वयं क्रमानं लावली की बरोबर मधलं येतं ते) भरा.

ट्रेन आणि टेस्टवर गेट_डमीज (शब्दांचे 0-1 चे कॉलम करणारं पँडासचं फंक्शन) वेगवेगळं चालवलं की फीचरची, म्हणजे कॉलमची, नावं जुळंनात म्हणून एरर येतो, कारण 'डोना' ही पदवी फक्त टेस्टमधी आहे. तेच काम करणारं सायकिट-लर्नचं वनहॉटएन्कोडर ट्रेनवर फिट करा, हँडल_अननोनला इग्नोर द्या, म्हणजे अनोळखी पदवीकडं दुर्लक्ष होतंय, मिटलं.

भाडं मात्र बहुतेकजण बघतच नाहीत. फेअर हे अख्ख्या तिकिटाचं असतंय. सेज कुटुंबाचं 69.55 पौंड बघून वाटतं पहिल्या वर्गातले असतील, पण होते तिसऱ्या वर्गात, एका तिकिटावर 11 जण, माणशी साडेसहाच्या आतच. त्यातले सात ट्रेनमधी, चार टेस्टमधी, म्हणून माणसं मोजताना दोन्ही फाईली जोडून मोजा, नुसत्या ट्रेनवर मोजली तर सातनंच भागाल.