बोअर खोल नेलाय? पिण्याआधी पाणी तपासून घ्या

उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की बोअर खोल नेला जातो, नाहीतर नवा पाडला जातो. मोटर चालू झाली, पाणी स्वच्छ आलं, की पिकाबरोबर तेच घरात प्यायलाही सुरू होतं. इथे जरा थांबा. खालचं पाणी वर्षानुवर्षं खडकाला लागून असतं. त्यात फ्लोराइड, आर्सेनिक, काही ठिकाणी युरेनियमही उतरलेलं असू शकतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. पाणी तांबूस आलं की आपण लगेच तक्रार करतो, पण तो बहुधा लोहाचा रंग असतो. खरी भीती नितळ पाण्याची.

फ्लोराइड मुख्यतः ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकाच्या भागात सापडतं. साबणाला भरपूर फेस येणाऱ्या मऊ पाण्यात ते बऱ्याचदा जास्त निघतं, कारण त्याला बांधून ठेवणारं कॅल्शियम त्या पाण्यात कमी असतं. आर्सेनिकची गोष्ट वेगळी. ते नद्यांच्या गाळाच्या प्रदेशात जास्त, आणि बांगलादेशात तर उथळ नळकूपांतच अधिक सापडलं. म्हणजे खोलीवरून अंदाज बांधायचा नाही. शेजारच्या बोअरचा अहवाल चांगला आला म्हणून आपलाही चांगलाच, असंही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फ्लोराइडसाठी 1.5 मिलिग्रॅम, आर्सेनिकसाठी 0.01 आणि युरेनियमसाठी 0.03 मिलिग्रॅम आहे.

नमुना घेताना मोटर आधी दहा मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. फ्लोराइडसाठी काचेची बाटली नको. आर्सेनिक आणि युरेनियमसाठी वेगळी बाटली लागते, ती प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या. बाटलीवर तारीख, बोअरची खोली आणि जागा लिहा. खोली लिहायचं बहुतेकजण विसरतात, आणि पुढे अहवाल वाचताना तीच हवी असते. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तपासणी करा, आकडे बदलतात.

पाणी उकळून यातलं काहीच जात नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात प्रमाण वाढतं. ब्लीचिंग पावडर जंतू मारते, तेवढंच. तुरटी अंदाजाने फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, फ्लोराइडचा भरवसा नाही. आरओ हे घटक बरेच कमी करतं, पण त्यातून बाहेर टाकलेल्या पाण्यात तेच दाट होतं. ते जनावरांच्या हौदात सोडू नका. जनावरांचेही दात आणि सांधे फ्लोराइडने बिघडतात.

लहान मुलांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसत असतील, मोठ्यांचे सांधे आखडत असतील, तळहात-तळपायाची कातडी जाड, खरखरीत होत असेल, तर डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगा.

अहवाल हाती येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरं तपासलेलं पाणी वापरा. डाळ-तांदळात मुरलेलं पाणी शेवटी पोटातच जातं. अंघोळीला आणि धुण्याला बोअरचं चालेल. पाण्यात आर्सेनिक निघालं तर भाताच्या खाचरात ते सतत साचवून ठेवू नका, कारण साचलेल्या पाण्यात भाताचं पीक आर्सेनिक जास्त ओढून घेतं. छपरावरचं पावसाचं पाणी साठवायचं असेल तर टाकी आणि पन्हळ आत्ताच साफ करून ठेवा, आणि पहिल्या सरीचं पाणी टाकीत न घेता सोडून द्या.