मटणाच्या तुकड्याची परमिटिव्हिटी मोजताना काय सांभाळायचं

परमिटिव्हिटी म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राची ऊर्जा किती साठवतो याचं माप. ती मोजायचा ओपन-एंडेड कोॲक्सियल प्रोब (टोकाला उघडी असलेली, केबलसारखी सळई) मांसावर टेकवला की सिग्नल जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर आत जातो, म्हणजे टोकाशी जे असेल तेच मोजलं जातं, मग ते स्नायू असो, सुटलेलं पाणी असो नाहीतर हवेचा बुडबुडा. सगळा खेळ इथेच आहे.

व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, प्रोबमधून सिग्नल पाठवून परत आलेला मोजणारं यंत्र) तासभर आधी चालू करून ठेवा. मग कॅलिब्रेशन: प्रोब हवेत मोकळा, मग शॉर्ट (टोकाला धातू टेकवून), मग डीआयोनाइज्ड पाणी. पाण्याचं तापमान थर्मामीटरने बघूनच सॉफ्टवेअरमध्ये टाका, अंदाजाने नको, कारण कमी फ्रिक्वेन्सीला पाण्याची परमिटिव्हिटी 20 अंशाला 80 तर 25 अंशाला 78 च्या आसपास असते आणि इथली चूक पुढच्या प्रत्येक रीडिंगमध्ये शिरते. प्रोब पाण्यात जरा तिरका घाला म्हणजे टोकाला बुडबुडा अडकत नाही.

आता लगेच मटण लावू नका!! आधी 0.1 मोलर (लिटरमागे 0.1 मोल) मिठाचं पाणी मोजून माहीत असलेल्या आकड्याशी ताडून बघा, कारण ज्या पाण्यावर कॅलिब्रेट केलं तेच परत मोजलं तर ते बरोबरच येणार, त्याने काही सिद्ध होत नाही.

कॅलिब्रेशननंतर केबलला हात लावायचा नाही, वाकली की सिग्नलची फेज बदलली. म्हणून प्रोब स्टँडला घट्ट बांधा आणि लॅब जॅकने सॅम्पलच हळूहळू वर आणा. जास्त दाबलं तर मांसातलं पाणी पिळून निघतं, कमी दाबलं तर फट राहते. तुकडा ताजा, निदान सेंटिमीटरभर जाड, आणि मोजेपर्यंत क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेला हवा, कारण पृष्ठभाग लवकर सुकतो आणि आकडा खाली घसरतो. फ्रिजमधून काढून थेट मोजू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि ते तापमान वहीत लिहा.

ताळा करायला 1996 चा गॅब्रिएल यांचा शरीरातल्या ऊतींच्या परमिटिव्हिटीचा डेटा बघा: 2.45 गिगाहर्ट्झला स्नायू साधारण 52.7, चरबी 5.3. तो शरीराच्या तापमानाचा आहे, त्यामुळे तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे होणारच, पण स्नायूला 35 आलं तर बहुतेक हवा किंवा चरबीची रेघ मध्ये आलीय. कंडक्टिव्हिटी (वीज किती वाहते ते) हवी असेल तर 2.45 ला परमिटिव्हिटीच्या काल्पनिक भागाला (वाया जाणारी ऊर्जा दाखवणारा आकडा) 0.136 ने गुणा, 12.8 असेल तर 1.74 सिमेन्स प्रति मीटर.

एकाच तुकड्यावर पाच-सहा जागी मोजा, दरवेळी टोक आयसोप्रोपिलने पुसून. आणि शेवटी तेच मिठाचं पाणी परत मोजा, ते सरकलं असेल तर मधली सगळी रीडिंग फेकून नव्याने कॅलिब्रेट करा, जीवावर आलं तरी.