वाचन शिकवणाऱ्या शिक्षकाने स्वतःचे शिक्षण कसे चालू ठेवावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांनी हे तास कशासाठी खर्च करायचे, हे आपल्या वर्गातील मुलांचे वाचन ऐकूनच ठरवावे, असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी दर आठवड्याला तीन मुलांना एकेकटे जवळ बसवून, पूर्वी न वाचलेला चार ओळींचा उतारा वाचायला द्यावा आणि मूल जे उच्चारेल ते मध्ये न टोकता जसेच्या तसे वहीत उतरवावे. सोलापुरात ही नोंद फार बोलकी ठरते, कारण शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू, तर अक्कलकोटकडे कन्नड बोलली जाते. समजा, एक मूल ‘मका’ऐवजी ‘मक’ वाचते आणि दुसरे ‘मोठे झाड’ऐवजी ‘मोठा झाड’. पहिल्याचा काना निसटला आहे. दुसऱ्याने अक्षरे ओळखली, अर्थही लावला. परंतु त्याच्या घरच्या भाषेत, म्हणजे तेलुगूतील ‘पेद्द’ किंवा कन्नडमधील ‘दोड्ड’ या शब्दांत, नामाच्या लिंगानुसार बदल होत नाही. अशा मुलाला पुन्हा बाराखडी गिरवायला लावणे अन्यायाचे आहे. त्याला भरपूर मराठी ऐकण्याची आणि बोलण्याची गरज आहे.

गॉफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे वाचनाला लिपी उलगडणे आणि भाषा समजणे ही दोन्ही अंगे लागतात. वहीत पहिल्या प्रकारच्या चुका जास्त असतील तर अक्षर-ध्वनी संबंधावरचे, दुसऱ्या प्रकारच्या असतील तर बहुभाषिक वर्गावरचे प्रशिक्षण निवडावे. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील ‘निष्ठा ३.०’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमात पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचे १२ कोर्स होते. असे कोर्स एकापाठोपाठ संपवून प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एका कोर्समधील एकच पद्धत महिनाभर वर्गात वापरणे अधिक उपयोगाचे आहे.

केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जाताना ही वही बरोबर न्यावी आणि घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्याला त्यातील नोंदी दाखवाव्यात. आपल्याला चूक वाटलेले पुष्कळ काही त्यांना लगेच उलगडते.

महिन्याअखेरीस पहिल्या आठवड्यातील त्याच तीन मुलांना तेवढ्याच अवघड, पण नव्या उताऱ्यावर पुन्हा ऐकावे आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. काना अजूनही निसटत असेल, तर पुढचा कोर्स तूर्त उघडू नये.